पाच रेनकोट

गाडी जपानहून आलेली, चौथ्या मालकाची म्हणून आमची.
किल्ली फिरवली की डॅशबोर्डातली एक बाई
जपानीत काहीतरी बजावायची.
काय, ते आमच्यात कुणालाच कधी कळलं नाही.
आई तिला रोज उत्तर द्यायची : हो गं बाई, निघालोच.

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी जोडून,
पहाटे तीनला आम्ही चिलिलाबोंब्वे सोडलं.
मागे मी, चोओल्वे, आणि मध्ये
पावसाळ्यात जन्मली म्हणून माइन्झा,
जिला गाडी लागते.
सीटखाली पाच रेनकोट. पिवळे, प्लास्टिकचे, घडी न मोडलेले.
माणूस चिंब होतो तिथे, बाबा म्हणाले,
आभाळात ढग नसला तरी.
ते एकदाच गेले होते.
चौदा वर्षांचे असताना, शाळेच्या ट्रकमधून, एप्रिलात.

बाबा खाणीत पंपावर होते.
तांब्याच्या वर पाणी, तांब्याच्या खाली पाणी,
पंप थांबले तर खाण बुडणार.
सत्तावीस वर्षं त्यांनी पाणी वर ढकललं.
एकदा ते आपणहून खाली पडताना पाहायचं होतं त्यांना.
असं ते म्हणाले नाहीत.
हे मी आता म्हणतेय.

काब्वेला चहा.
लुसाकात ट्रकांच्या शेपटीला दोन तास.
माझाबुकाला उसाचा जळका गोड वास
खिडकी बंद केली तरी येत राहिलेला.
मोन्झेला पोरं टोमॅटोच्या बादल्या घेऊन गाडीबरोबर धावली.
चोमाला माइन्झा ओकली.
झिम्बाच्या पुढे रस्ता नव्हता,
रस्ता होता याच्या खुणा होत्या.
आता धूर दिसेल, बाबा म्हणाले, गरजणारा धूर,
वीस मैलांवरून दिसतो.
चोओल्वेला दिसला.
तो कुणीतरी पेटवलेल्या गवताचा निघाला.

सकाळी तिकिटं काढून आत गेलो
तेव्हा समोर कातळ होता.
काळा, उभा, उघडा,
दोन-चार जागी करदोड्याएवढी पाण्याची रेघ.
दरीच्या दूरच्या टोकाला, दुसऱ्या देशाच्या बाजूला
पांढरं काहीतरी पडत होतं.
त्याचा आवाज यायचा आमच्यापर्यंत. पाणी नाही.

कुणी काही बोललं नाही.
माइन्झाने विचारलं, बंद केलाय का?

रखवालदार सियाम्वीझा म्हणून होते,
त्यांना हा प्रश्न रोजचा असावा.
ऑक्टोबरात असंच असतं, म्हणाले, या बाजूला.
पाणी कुठे गेलं, बाबांनी विचारलं,
पाळी बदलताना विचारतात त्या आवाजात.
गेलं नाही. यायचंय अजून.
वर अंगोलाकडे पाऊस झाला की निघतं,
मग मैदानात पसरतं, रेंगाळतं,
गुरंढोरं, होड्या, गावं बघत बघत येतं.
वाटेत आहे म्हणायचं.

बाबा गाडीपर्यंत परत गेले.
आले ते रेनकोट घालूनच.
अडतीस डिग्री ऊन, आणि पिवळे बाबा
कठड्यापाशी : इथे. इथेच उभा होतो मी.
हा हात दिसत नव्हता.
त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला.
आम्ही सगळे त्या हाताकडे बघत राहिलो.
रेषांत मुरलेलं ग्रीस, अंगठ्याचं अर्धं नख.
इतका स्वच्छ मी तो कधी पाहिला नव्हता.

कॅमेरेवाले पाहुणे आमच्याकडे बघून हसत गेले.
आई पुढे झाली,
आणि तिने त्यांच्या गळ्याशी वरचं बटण लावलं,
शाळेत जाणाऱ्या मुलाचं लावतात तसं.

तासाभराने रेनकोट काढला
तेव्हा आतला शर्ट पिळून निघेल इतका ओला होता.
बघा, बाबा म्हणाले. चिंब.
आणि मग आई जी हसायला लागली
ती पार्किंगपर्यंत थांबलीच नाही.

उरलेले चार तसेच सीटखाली, घडीत.
किल्ली फिरवली. बाईने बजावलं.
आई डोळे पुसत होती, तिला उत्तर देता येईना.
वाटेत आहे, बाबा तिला म्हणाले,
आणि गिअर टाकला.