विरळणी

माडग्याळच्या माळाखालची आमची पट्टी.
करडई उगवून बारा दिवस झालेले.
मी मिरजेहून मोजपट्टी नेली,
सुतळीला वीस-वीस सेंटीमीटरवर गाठी मारल्या.
आईने सुतळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पंजाकडे.
"वीत म्हण की सरळ."

मी तिची वीत मोजली. साडेसतरा भरली.
"म्हणजे इतकी वर्षं दाटच ठेवलीस."
"तवा लांब हुती," म्हणाली
आणि ओळीत वाकली.

दोन रोपं शेजारी, दोन्ही धट्टीकट्टी.
पानांना अजून काटा नाही,
वासराच्या कानासारखी मऊ.
त्यातलं एक बुडाशी धरायचं,
ओल आहे तोवर सरळ वर ओढायचं.
आईचा हात कुठे अडत नव्हता.
माझा प्रत्येक जोडीपाशी.

एका नांगीत मी उपटलेलं रोप खोचलं.
"करडई दुसरीकडं लागत न्हाई," ती मान न वळवता म्हणाली,
"मूळ सरळ खाली जातंय. तुटलं की तुटलं."

थोरली निंगव्वा, मग मी, मग शिवलीला, कस्तुरी.
चौघी एका वाकळेखाली.
सातवी झाल्यावर मला मिरजेला मावशीकडे धाडलं.
मलाच का, हे त्या ओळीत विचारता आलं असतं.
मी सुतळी पुढे सरकवली.

बांधाकडच्या तीन ओळींना तिने हात लावू दिला नाही:
"ऱ्हाऊ देत दाट. बघू तुझा कागद काय म्हणतोय."
पलीकडच्या तीन मी हातभर अंतरावर ठेवल्या,
थोड्या इरेलाच पेटून.
संध्याकाळी तिच्या ओच्यातल्या रोपांची भाजी झाली,
लसूण, वाटीभर डाळ, वर कच्चं तेल.
मी दोनदा वाढून घेतली.

माघ सरता सरता गेले. भल्या पहाटे,
हातापायांना फडकी गुंडाळून;
दव वाळलं की काटे ऐकत नाहीत.
दाट ओळीत झाडं उंच, शेलाटी,
एकमेकांच्या आधाराने उभी,
शेंड्याला चार-पाच बोंडं, त्यातली दोन पोची.
हातभरवाल्यांचा घेर पाहून मी हरखले,
एका झाडाला एकतीस बोंडं!
पण मधल्या रिकाम्या रानाला भेगा,
आणि काट्यावर तीन ओळी मिळून पावणेचार किलो.
दाटीच्या चार.
विती-वितीच्या साडेपाच, वर एक ओंजळ.

"तुझी वीत का माझी?" आई हसली.

मग तिने विळा त्या नांगीकडे केला.
गुडघ्याएवढं झाड, एकच बोंड,
बुडाशी ओल्या मातीचं आळं,
आळ्यात तांब्याच्या बुडाचा गोल ठसा.
या पट्टीत पाणी येत नाही.
विहीर आहे ती ओढ्यापलीकडे.

मी विचारलं, हे कुठल्या ढिगात टाकू?
"कुठल्याच नगं," म्हणाली.
"ऱ्हाऊ दे हुबं."