अंगणाला सवलत नाही

कारेलीबागेत ताम्हण्यांच्या अंगणात
चार गाड्या एकामागे एक,
नाकाला शेपूट लावून उभ्या.
सगळ्यात आतली बाहेर काढायची
तर तिघांना चाव्या घेऊन खाली यावं लागतं.

शिरीषभाऊ म्हणाले, पागे,
एका घरातल्या चार, मग काही घाऊक भाव?
एकच पॉलिसी, एकच तारीख.
भाजीवालासुद्धा चार जुड्यांवर कोथिंबीर टाकतो.

म्हटलं, तसं असतं. पण गाड्या एका नावावर हव्यात.
तुमच्या आरसी बुकांवर चार नावं:
तुमचं, नंदनचं, हेमांगीवहिनींचं,
आणि आतल्या वॅगनआरवर अजून अण्णांचं.
कंपनी अंगण बघत नाही,
वर एक गॅस, खाली एक गॅस, तेही बघत नाही.
नाव बघते.

मग कुणाच्या नावावर?
हे मी विचारलं नाही. ते आपोआप
टीपॉयवर येऊन बसलं
लीलो चेवड्याच्या वाटीशेजारी.
हेमांगीवहिनी म्हणाल्या, माझी मी हप्त्यांवर घेतलीय,
आणि चहाचं बघायला उठल्या.
चहा समोरच होता.

सगळ्यांना सोपं पडावं म्हणून मी हिशेब मांडला:
चारही मिळून वाचतील साडेतीन हजार,
नावं बदलायला आरटीओत त्याहून जास्त जातील.
कुणीतरी सुस्कारा सोडला.
कुणीतरी म्हणजे सगळ्यांनीच.

राहिले अण्णा.
त्यांची बिनक्लेमची सवलत.
पहिल्या वर्षी वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस,
पाचव्या वर्षी पन्नास, आणि तिथंच थांबते.
पुढे माणूस कितीही सांभाळून चालवो,
एक्कावन्न होत नाहीत.
अण्णा सतरा वर्षं पन्नासावर होते.
ती गाडीची नसते, माणसाची असते,
माणूस गेला की वारसाला देता येते.
एकाच वारसाला, एकाच गाडीवर.
पंचवीस-पंचवीस असे वाटे पडत नाहीत.

आईंनी विचारलं,
म्हणजे त्यांनी कधी काही मागितलं नाही, त्याचे पैसे?
हो, म्हटलं. साधारण तसंच.

मला एक माहीत होतं.
दोन हजार तेराची नवरात्र, मकरपुऱ्यातलं गॅरेज,
डावं दार आणि पुढचा मडगार्ड,
अकरा हजार चारशे, रोख.
त्याआधी अण्णा माझ्याकडे येऊन गेलेले,
फॉर्म न्यायला नाही, विचारायला:
क्लेम केला तर सवलत किती जाईल?
सगळी. पुन्हा शून्यापासून.
आणि चालवणाऱ्याचं नाव लिहावं लागेल,
वय, लायसन्स नंबर.
ते बराच वेळ माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.
मग म्हणाले, खांब होता.
खांबाला काही झालं नाही.
नंदन तेव्हा सोळाचा.

हे मी बोललो नाही.
सवलतीचं पत्र तीन वर्षं चालतं,
आजच ठरवायला नको, एवढंच म्हटलं.

नंदन कपाटातून अण्णांची फाइल घेऊन आला.
पत्र आत सरकवताना हाती लागली
एक पिवळी पावती.
उभ्यानंच वाचली त्यानं. तारखेपाशी
ओठ थोडे हलले.
पुन्हा घडी घातली, जुन्याच घडीवर,
पत्राच्या मागे टाचणीनं लावली.
टाचणी दोनदा बोटात गेली.

दादा, तू घे सवलत, म्हणाला.
शिरीषभाऊ म्हणाले, बघू रे.
आणि वाटीतला चेवडा उगाच चाळत राहिले.

मी चपला घालत होतो तेव्हा आई म्हणाल्या,
दर गुरुवारी ते चालू करून ठेवायचे तिला,
बॅटरी बसू नये म्हणून.
किती गुरुवार झाले आता.

नंदननं खुंटीवरची किल्ली काढली.
आज शनिवार होता, कुणी तसं म्हटलं नाही.
आधी माझी स्कूटर बाजूला घ्यावी लागली,
मग त्याची स्वतःची गाडी,
मग वहिनींची.
मग त्यानं खालूनच हाक मारली, दादा,
तुझी चावी.