पहिली नस

रत्नागिरीहून ड्रम यायचा एसटीच्या टपावर,
फॉर्मलीनमध्ये मुडपून बसवलेल्या चाळीस मुश्या.
सोलापूरला समुद्र पोचायचा तो असा, वर्षातून एकदा,
आणि स्टँडवरचे हमाल नाक दाबून ओरडायचे,
"कोंगारी, तुझं सासर आलं बघ!"

चौतीस वर्षं त्या मुश्यांची डोकी
मी पोरांच्या आधी सोलून ठेवली.
कूर्चा पेन्सिलीच्या सालीसारखी निघते, हात हलका हवा.
हिप्परगी मॅडम म्हणायच्या,
"व्यंकटेश, दहावी नस तुटली तरी चालेल,
पहिली सांभाळा. फार आखूड असते."
खरंच. दोन फुगीर पिशव्या,
आत वहीच्या पानांसारख्या घड्या,
आणि त्यांना चिकटून लगेच मेंदूचा देठ,
जणू मेंदूच उठून नाकपुडीपर्यंत आला
बाहेर काय चाललंय बघायला.

कपाटात ओळीने रोहू, बेडूक, धामण, पारवा, घूस.
रोहूच्या नाकपुड्या घशात उघडत नाहीत;
नाक फक्त वासाला, श्वासाची वेठ नाही त्याला.
धामण जिभेने हवा चाटते, टाळूला नेऊन पुसते,
वास तिला तिथं लागतो.
पारवा वासाच्या वाटेनं घरी येतो म्हणतात.
(मॅडम 'म्हणतात'वर जोर द्यायच्या.)
घुशीच्या नाकात हजारभर तऱ्हेची कुलुपं,
आपल्या नाकात चारशे.
हवेतला कण शेंबडात विरघळतो, कुलपाला जाऊन लागतो,
एका वेळी कुठली कुठली उघडली
त्यावर ठरतं, कांदा की केवडा.

बरणीतल्या सगळ्यांच्या नाकात एकच वास भरलेला.
माझ्याही.

नरसम्मा विड्या वळते.
मांडीवर सूप, तेंदूची पानं, दोऱ्याचं रीळ.
लग्नाच्या पहिल्या महिन्यात मी बोलून गेलो होतो,
तुझ्या बोटांना कारखान्याचा वास येतो.
ती दोन दिवस जेवली नाही नीट.
मग तो वास कधीतरी बंद झाला.
मला वाटलं, सवय झाली.
वास जाताना दार वाजवत नाही.
पुढं एकदा गॅस रात्रभर उघडा राहिला
आणि शेजारचा बोल्ली धावत आला, तेव्हा कळलं.

मेमध्ये निवृत्त झालो. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
सिव्हिलमधली पोरगी-डॉक्टर म्हणाली,
"काका, उघड्या हवेला लागणारी नस ही एवढीच.
म्हणून मरते. आणि म्हणूनच पुन्हा उगवते,
हाडाच्या चाळणीतून वर चढते.
कधी चुकीच्या घरात शिरते, तेवढं सोसा."
मला हसू आलं. ती चाळण मी
सशाच्या कवटीत ब्रशनं घासलीय किती वेळा,
प्रत्येक भोकातून उजेड बघितलाय.

ऑगस्टात शेंगाचटणीला जळक्या टायरचा वास आला.
साबणाला माशाचा.
सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी अबोलीचा गजरा हुंगला
तर नुसतं तापलेलं लोखंड. (अबोलीला वास नसतोच,
हे नंतर आठवलं.)
मी ताट सारायचो, ती काही बोलायची नाही,
दुसऱ्या दिवशी मीठ कमी करून बघायची.

काल रात्री लाईट गेले.
तिनं अंधारात चहाचा कप हातात दिला,
आणि कपाच्या आधी तिची बोटं आली.
तंबाखू. पान.
आणि त्यांच्या खाली, अगदी पातळ, लिंबू.

"लिंबू कशाला?" मी म्हणालो.
ती थबकली.
"रोजच लावते की," म्हणाली,
"एमंडी, तुम्हीच म्हणाला होतात ना."

चहा सांडला थोडा. त्यालाही वास होता.