सहभागी क्रमांक सात

बावन्नाव्या वर्षी मला पुन्हा विद्यार्थ्याचं ओळखपत्र मिळालं.
फोटोत मी अजून गिरणीची व्यवस्थापकच दिसते,
समोरच्याला बसा न म्हणणारी.
गुरुवारचं वाटाण्याचं सूप मात्र आता निम्म्या दरात.
डॉक्टरेट त्यासाठीच चाललीय,
असं तापानी सगळ्या शेजाऱ्यांना सांगतो.
नवरा आहे, त्याला परवानगी आहे.

मार्गदर्शक योआकिम माझ्या मुलीच्या वयाचा.
पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं :
‘यंत्र क्रमांक तीन बंद करण्याचा निर्णय घेण्यात आला.’
त्यानं हिरव्या शाईनं समासात विचारलं :
कोणी?

सव्वीस वर्षं मी अशीच वाक्यं लिहीत आले,
कर्ता नसलेली,
हातमोजे घातलेली.
कर्मणी प्रयोगात कुणाचाच हात दिसत नाही,
कामं मात्र होतात.

मग मुलाखती. अठरा माणसं.
नावं कापून आकडे लावायचे, हा नियम.
सहभागी क्रमांक सात म्हणजे आउलिस.
सुकवणी विभागात एकतीस वर्षं,
स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगला, मूठ कानाला लावून
यंत्राचा आजार सांगणारा.

त्यानं माझा संमतिपत्राचा कागद
अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला.
‘ऐंशी ग्रॅम,’ म्हणाला. ‘आपला नाही.’
आणि सही केली.

मी विचारलं, निर्णय कळला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?
तो रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडे पाहत राहिला.
खिडकीबाहेर क्यूमी नदी काठापासून गोठत आलेली,
पलीकडे चिमणी, वाफेशिवाय.
मग म्हणाला, ‘कॉफी घेणार?’

एवढंच.
घरी येऊन मी एका कानामात्रेचाही फरक न करता ते उतरवलं.
संगणक प्रत्येक उत्तराला खूण मागतो.
मी ‘प्रतिकार’ लावून पाहिली, ‘स्वीकार’ लावून पाहिली,
रात्री दीड वाजता ‘कॉफी’ अशी नवीच खूण केली
आणि पुसली.

योआकिम म्हणाला, शांतता हीसुद्धा सामग्रीच आहे, मोजा.
मोजली.
अकरा सेकंद.
हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून
पुन्हा पुन्हा तेवढाच तुकडा ऐकला :
फ्रिजची घरघर,
दूर कुठे बर्फ खरवडणारा ट्रॅक्टर,
आणि नवव्या सेकंदाला
श्वास. आत घेतलेला, बोलण्याआधी घेतात तसा,
आणि तसाच सोडून दिलेला.
तो त्याचा नव्हता.

त्या सभेतही मी असाच श्वास घेतला होता.
हेलसिंकीहून आलेला माणूस तक्ता दाखवत होता,
तिसऱ्या ओळीत एकशे बारा माणसं होती,
आणि मी म्हटलं होतं, ‘आकडे बरोबर आहेत.’
ते होतेही.

चौथं प्रकरण त्या रात्री मी पुन्हा सुरू केलं.
‘यंत्र मी बंद केलं.’
तीन शब्द, पण ते लिहायला पहाट झाली.
तापानी उठला, दिवा पाहिला,
काही न विचारता किटली ठेवली.
योआकिमनं यावर काहीच लिहिलं नाही,
फक्त पुढच्या परिच्छेदात संदर्भ कमी आहेत म्हणाला.

नियमाप्रमाणे मुलाखतीची प्रत आउलिसला वाचायला दिली.
अकरा सेकंदांच्या जागी मी कंस केला होता
आणि कंसात लिहिलं होतं : दोघेही गप्प.
त्यानं चष्मा लावून ती ओळ वाचली, पान उलटलं,
पुन्हा मागे आला.
दुरुस्ती काही सुचवली नाही.

दारापर्यंत सोडायला आला तेव्हा एवढंच विचारलं :
‘हे पुस्तक तू छापशील ना,
ते कुठल्या कागदावर?’

मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत राहिले.
तो उंबऱ्यात उभा होता, पायात नुसते लोकरी मोजे,
उत्तराची वाट पाहत.