पेव

हरिपुरात हळद आता फारशी पेवात जात नाही.
महापुरात बरीच खचली,
एक उरलंय, सर्जेरावच्या परड्यात.

आधी दुकानातल्या चार लागर
पेपरात गुंडाळून चाखल्या.
सर्जा म्हणाला, एकाच नळाच्या.
मी दोन ओळखल्या. दोन्ही चुकल्या.

मग त्यानं स्वतःच लावली.
खपली गव्हाची गढूळ, ती सोपी.
करपवलेल्या जवाची काळी,
तिला बायकोनं काढा म्हणून नावं ठेवली
आणि दुसरा पेला मागितला.
लागरला मात्र गारवा लागतो, महिनाभर,
आणि सांगलीत एप्रिल.

म्हणून वीस लिटरचा कॅन
दोरानं पेवात सोडला.

पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं,
आधी कंदील सोडायचा, ही आज्याची शिकवण.
एकतिसाव्या दिवशी सोडला.
अर्ध्यावर गेला आणि विझला.
सर्जा काठावर उकिडवा, हसत:
"जित्तं हाय गा. श्वास सोडतंय."

वरूनच दोर ओढला.
पेल्यात पिवळी, जरा जास्तच पिवळी,
फेस बसका,
आणि घोट उतरल्यावर, मागून,
हळकुंड.

ही पेपरात गुंडाळली असती
तरी ओळखली असती.