आत

लोडवारच्या टेक्निकल कॉलेजात कॉम्प्युटर चोवीस.
सतरा चालतात, तेही जनरेटरची मर्जी असेल तर.
बाकीचे सात वाळू खाऊन गप्प झालेत.

वरून फॉर्म आलाय :
मुलांना काय काय येतं, एक ते पाच आकड्यांत कळवा.
मी लॅबमधला मास्तर. पेन काढून बसलो.

अताबो, डिझेल मेकॅनिक, दुसरं वर्ष.
इंजिनाला कान लावते आणि सांगते, तिसरा इंजेक्टर आजारी आहे.
पहिल्या दिवशी माउस तिनं उचलून
थेट पडद्यावर टेकवला होता.
कुणी हसलं नाही.
निम्म्यांनी तेच केलं असतं.

एसेकोननं बारा पानांचा रिपोर्ट
अंगठ्यानं फोनवर लिहिला, बकऱ्यांच्या बाजारात उभं राहून,
आणि मला पाठवला
एक्केचाळीस मेसेज करून.
याला किती द्यायचे? दोन? की पाच?

"फाइल कुठे ठेवलीस, अताबो?"
"आत."
"आत म्हणजे?"
तिनं पडद्याकडे हनुवटी उडवली.
मला एकदम कावालासेचं कोरडं पात्र आठवलं.
तिथं पाणी आतच असतं की,
कुठे खणायचं तेवढं ठाऊक हवं.
त्या दिवशी फोल्डर मी असाच शिकवला :
हा खड्डा, या खड्ड्यात हा खड्डा,
आणि काठावर नाव लिहा, नाहीतर दुसऱ्याची गुरं पिऊन जातील.

गुरुवारी माझ्याच फोनवर मेसेज आला.
पगाराची थकबाकी मंजूर, पाचशे शिलिंग भरा, पिन टाका, प्लीज.
मी, भिंतीवर तीन सर्टिफिकेटं लावलेला,
दोन आकडे टाकूनही बसलो होतो.
मागून तिचा ग्रीसनं काळा हात आला, फोन उपडा केला.
"सर, कंपनी कधी प्लीज म्हणते का?
आणि हा नंबर बघा, कुणातरी माणसाचा आहे."
मग जरा थांबून,
"आईच्या दोन शेळ्या अशाच गेल्या."

फॉर्ममध्ये शेळ्यांचा रकाना नाही.
मी तो पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला.
टायपिंग : दोन. माउस : तीन.
इथे पेन बराच वेळ थांबलं, शाईचा ठिपका पडला.

शेवटी सगळं टाइप केलं, सेव्ह केलं, वीज गेली.
परत आली तेव्हा फाइल सापडेना.
डेस्कटॉपवर नाही, माझ्या नावाच्या फोल्डरात नाही.
दारातून पाना पुसत अताबो बघत होती.

"असेल, सर," ती म्हणाली,
"आत."