चढ

फहाहीलमध्ये धूळ उठलीय.
खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबून
जेवणाच्या टेबलावर आम्ही
इटलीचा किनारा पसरलाय.
गावं पाच, मुक्काम एकच.
व्हेर्नात्साला बंदर आहे, मी म्हणतो,
मोंतेरोस्सोला छान वाळू
"वाळू?" हेमलता खिडकीकडे बघते.
मी ते गाव खोडतो.

मग तिचं बोट कोर्नील्यावर थांबतं.
ना बंदर, ना पुळण,
स्टेशनपासून तीनशेच्या वर पायऱ्या.
तुझे गुडघे, मी म्हणतो.
"एकोणीस वर्षं लिफ्टनंच तर वर जातेय.
एकदा धाप लागू दे.
मग बसू कुठंतरी कठड्यावर
आणि खाली बघू
किती आलो ते."

समोरची इमारत अजून दिसत नाही.
मी खोली घेऊन टाकतो.
तळमजल्यावरची.